पू न होणारी जखम

पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठणकते; कधी पू धरतो. पू म्हणजे नुसती घाण, असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशीच जास्त असतात. पण वाहत्या रक्तातून या पेशी नेमक्या त्याच जागी उतरतात कशा?

जखमेतल्या पेशी रासायनिक इशारा देतात, तेव्हा जवळच्या बारीक रक्तवाहिनीचे अस्तर ‘सिलेक्टिन’ नावाची प्रथिने बाहेर काढते. त्यांना अडखळत पांढरी पेशी भिंतीवरून घरंगळू लागते आणि तिचा वेग मंदावतो. मग तिच्या अंगावरची ‘इंटिग्रिन’ प्रथिने भिंतीला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तराच्या फटीतून जखमेकडे जाते.

क्वचित एखाद्या बाळात ही पकड जन्मतःच नसते. पेशी घरंगळतात, पण थांबत नाहीत. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी भरमसाट दिसतात, तरीही जंतुसंसर्ग हटत नाही आणि जखमेत पूही होत नाही.

याची पहिली खूण बहुधा बेंबीशी दिसते. नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडते. ती सुटायलाही पांढऱ्या पेशी लागतात. तीन आठवडे उलटूनही नाळ पडली नाही, तर बाळाला डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा काळजीचे काही निघत नाही. मात्र बेंबीभोवती लाली किंवा सूज असेल, ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नाळेवर तेल, राख, हळद लावू नका. ती कोरडी ठेवा.

निदान ‘फ्लो सायटोमेट्री’ या रक्ततपासणीने होते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ या संस्थेत अशा आजारांच्या तपासण्या होतात. प्रतिजैविकांनी संसर्ग आवरता येतो. पण आजार तीव्र असेल, तर मूळ दोषावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच प्रमुख उपाय आहे.

सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आले, तरच हा आजार होतो. म्हणून मामाच्या मुलीशी किंवा इतर जवळच्या नात्यात लग्न झाले असेल, तर धोका वाढतो. एक बाळ आजारी निघाले, की पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. आधीचे बाळ जंतुसंसर्गाने दगावले असेल, तर ही गोष्ट दडवू नका. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आवर्जून सांगा.