कवितेची आवक-जावक

व्यापारी कुटुंबांतही कविता लिहिली जाते. पण ती बहुधा जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवरच राहते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील परिचितांच्या घरी अशा वह्या मी पाहिल्या आहेत. लिहिणारी कधी घरातील सून असते, कधी दुकान मुलांच्या हाती सोपवलेले काका. ‘हे कुठे पाठवावे?’ हा त्यांचा प्रश्न. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मीही कविता पाठवीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहितो.

केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावला सुरू केले. मुंबई-पुण्याला नव्हे, खानदेशात! केशवसुतांच्या कविता त्यात आणि हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये छापून येत. त्यांच्या हयातीत एकही संग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये ते वारले आणि हरिभाऊंनी संग्रह काढला तो १९१७ मध्ये. तोपर्यंत वाचकांपाशी त्यांची जी कविता होती, ती मासिकांच्या पानांतून आलेली. त्याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. ही पदवी ऐकणाऱ्याने आपणहून दिली होती, म्हणून ती टिकली.

पुढे गिरगावातील खटाववाडी हे कवींचे तीर्थक्षेत्र झाले. तेथून निघणाऱ्या ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कविता बारकाईने वाचत, बदल सुचवीत आणि न पटल्यास ‘साभार परत’ करीत. हा दरवाजा सर्वांना रुचला नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आदी तरुणांनी १९५४ साली ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. साठच्या दशकाच्या अखेरीस तर काही कवींनी ‘सत्यकथे’ची होळीही केली. होळी मला पटत नाही. पण नकार मिळाल्यावर स्वतःचे मासिक काढणे, हा व्यापारी बाण्याचा मार्ग मला फार आवडतो! १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली. १९८५ मध्ये पुरुषोत्तम पाटील यांनी धुळ्याहून ‘कविता-रती’ सुरू केले. पुन्हा खानदेशच.

आता आजचा व्यवहार. मी एक वही ठेवली आहे. पाठवल्याची तारीख, कवितेचे नाव, नियतकालिक आणि उत्तर, असे चार रकाने. चौथा रकाना बराचसा कोराच राहतो. पूर्वी तिकीट लावलेल्या पाकिटातून कविता निदान परत येई. ई-मेलच्या काळात तेही गेले. सहा महिने वाट पाहावी, एक नम्र स्मरणपत्र लिहावे आणि मग कविता दुसरीकडे पाठवावी, असा माझा शिरस्ता आहे. तीच कविता एकाच वेळी दोन ठिकाणी मात्र पाठवू नये. दोघांनीही छापली तर संपादकाचा विश्वास कायमचा उडतो. दिवाळी अंकासाठीचे साहित्य पावसाळ्याच्या सुरुवातीलाच गेलेले बरे. टंकलेखन युनिकोडमध्ये असावे, नाहीतर तिकडे अक्षरांऐवजी चौकोन उमटतात.

मौन सोसवते. अधिक जपायचे ते झटपट होकारापासून. मध्यंतरी एका काव्यस्पर्धेचे निमंत्रण मोबाइलवर आले. कविता पाठवताच दुसऱ्या दिवशी ‘निवड झाली’ असे अभिनंदनपत्र! सोबत अट : सहभाग शुल्क पाचशे रुपये, प्रातिनिधिक संग्रहाच्या पाच प्रती सवलतीत घेणे बंधनकारक, सन्मानचिन्हाचे पैसे वेगळे. मी कविता मागे घेतली. बँकेतील सवयीने आकडेमोडही केली. असे शंभर कवी धरले तर शुल्काचेच पन्नास हजार होतात आणि पाचशे प्रती छापण्यापूर्वीच विकल्या जातात. मग आयोजकाने वाचक शोधावा कशाला? त्याचे गिऱ्हाईक कवीच. पैसे भरून छापणे हा गुन्हा नव्हे; पण त्याला पुरस्कार म्हणू नये. निवृत्तीवेतनावर जगणारी माणसे भिंतीवर मानपत्रे लावत जातात आणि ती कविता वाचलेली असते फक्त त्याच संग्रहातल्या इतर कवींनी, तीही आपले पान शोधताना. याचे मला फार वाईट वाटते. छोट्या मासिकाने वार्षिक वर्गणी मागितली तर ती आनंदाने भरावी. ते मानधन देऊ शकत नाही, पण नकार देऊ शकते.

नियमपत्रिकेतील बारीक अक्षरेही वाचावीत. ‘साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे वाक्य तिथे पुष्कळदा दडलेले असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या सहीनेच होते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. म्हणजे नातवंडांपर्यंत पोहोचणारी ही मिळकत आहे. तिच्या कागदावर सही करताना दुकानाच्या भाडेकराराइतकी तरी काळजी घ्यावी.

मूळ प्रत कधीही देऊ नये. कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’चे पहिले हस्तलिखित एका छोट्या नियतकालिकाच्या संपादकाकडून गहाळ झाले. काही वर्षांनी त्यांनी ती कविता पुन्हा लिहिली. १९७६ मध्ये पुस्तक आले आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. सगळ्यांना असे पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून माझ्या वहीतील प्रत्येक नोंदीमागे कवितेची एक प्रत टाचलेली असते.

सध्या चार नोंदी उघड्या आहेत. त्यांतली सर्वांत जुनी गेल्या चातुर्मासातली आहे. तिचे स्मरणपत्र येत्या सोमवारी जाईल.