ऊन पाणी

मांडव्याच्या धक्क्याला मुंबईहून आलेली रो-रो नौका लागली आणि तिच्या पोटातून मोटारी एकामागून एक बाहेर पडू लागल्या, म्हणजे त्यांपैकी बहुतेकींचे तोंड किहीम, अलिबाग, नागाव अशा समुद्रकाठच्या गावांकडे वळते. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण मुंबईकर माणूस खाडी ओलांडून येतो तो वाळूच्या आणि नारळी-पोफळीच्या ओढीने. परंतु याच धक्क्यावरून समुद्राकडे पाठ करून पोयनाड-वडखळवरून नागोठण्यापर्यंत जावे, आणि पुढे वाकणच्या फाट्याला वळून पालीच्या वाटेला लागावे, तर साठ-सत्तर किलोमीटरांच्या आत असे एक स्थान भेटते, की जेथे स्नानाचे पाणी तापवण्यास चूल, बंब किंवा विजेचे यंत्र यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. बल्लाळेश्वराच्या पालीपासून अगदी जवळ असलेल्या या गावाचे नाव उन्हेरे.

नावातच त्याची सारी हकिगत आहे. ‘गरम’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि घरचाच होऊन बसला. पण आमच्या या किनाऱ्यावर म्हाताऱ्या बायका अजूनही न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहून ‘पाणी ऊन झालं का गं?’ असेच विचारतात. संस्कृतातला ‘उष्ण’ प्राकृताच्या वळणाने ‘ऊन’ झाला, तोच सूर्याच्या तापालाही लागला आणि घंगाळातल्या पाण्यालाही. जुन्या मराठीत तर ‘उन्हाळे’ म्हणजे ऊन पाण्याचा झरा असा स्वतंत्र अर्थच होता. म्हणून कोकणाचा नकाशा पुढे घेऊन केवळ नावे वाचीत गेले, तरी भूगर्भातल्या उष्णतेचा माग लागतो: रायगडात उन्हेरे, रत्नागिरीच्या मुलखात उन्हवरे, राजापुराजवळ उन्हाळे. भूगर्भशास्त्रज्ञांनी तापमापक घेऊन हिंडण्याच्या कित्येक शतके आधी गावकऱ्यांनी ही नोंद करून ठेविली होती, आणि ती कोणत्याही दप्तरात नव्हे, तर रोजच्या बोलण्यात.

उत्तरेकडे पालघर जिल्ह्यापासून दक्षिणेकडे राजापुरापर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सुमारे साडेतीनशे किलोमीटरांच्या अंतरात अशी अठराएक ठिकाणे आहेत. तानसा नदीच्या काठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही मुंबईकरांना परिचित. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव. संगमेश्वराच्या बाजूस आरवली, तुरळ आणि राजवाडी. कोठे पाणी केवळ कोमट, तर कोठे सत्तर अंशांच्या घरात, म्हणजे हात घालण्याची सोय नाही असे.

हे पाणी तापते कशाने, याविषयी दोन गैरसमज लोकांत दृढ आहेत. एक असा, की खाली गंधकाची खाण आहे आणि ती पाणी तापवते. दुसरा असा, की आपला सह्याद्री ज्वालामुखीने बनला आहे, तेव्हा त्याचीच धग अजून उरली असावी. पण गंधक पाणी तापवीत नाही. काही कुंडांवर सडलेल्या अंड्यासारखा जो किंचित वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा, आणि तो उष्णतेचे कारण नव्हे, सोबती आहे. राहिली ज्वालामुखीची गोष्ट. दख्खनचा काळा कातळ ज्या लाव्हारसातून थिजला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवाली. खरी हकिगत याहून साधी आणि मला वाटते याहून सुंदर आहे. कोकणात जो धोधो पाऊस पडतो, त्याचा काही अंश कातळाच्या भेगांतून खाली, आणखी खाली उतरत जातो. भूपृष्ठापासून दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढत जाते, हा पृथ्वीचा सर्वसाधारण नियम. आणि त्या खोलीवर तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेचा मार्ग सापडला, की दाबाने वर येते. उन्हेऱ्याचे पाणी चाळीस अंशांच्या आसपास आहे, तेव्हा ते निदान अर्धा किलोमीटर तरी खाली उतरून आलेले असले पाहिजे. वाटेत जी उष्णता गमावली तिचा हिशेब धरला, तर अधिकच. कुंडात उतरणारा माणूस ज्या पाण्यात बसतो, तो कोणत्या तरी जुन्या पावसाळ्याचा पाऊस असतो.

या पाण्याची कीर्ती कोकणाबाहेर पोहोचूनही बराच काळ लोटला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेला जेम्स फोर्ब्स १७७१ साली प्रकृतीच्या कारणाने दासगावजवळच्या उष्णोदकांवर येऊन राहिला होता, आणि पुढे आपल्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या ग्रंथात त्याने तो मुक्काम वर्णिला. पुढे एकोणिसाव्या शतकात टॉमस ओल्डहॅम या भूगर्भशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातील अशा झऱ्यांची जी यादी केली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८८३ च्या सुमारास भूगर्भ खात्याने छापली.

हे सर्व मला एरवी सुचले नसते. पण काही वर्षांमागे जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, तोया नावाच्या सरोवराच्या काठी एका जुन्या विश्रामगृहात एक रात्र राहण्याचा योग आला, आणि तेव्हापासून उन्हेऱ्याचे कुंड मी पूर्वीच्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. तोया हे सरोवर म्हणजे एका प्रचंड ज्वालामुखीचे मुख खचून तयार झालेला, जवळजवळ वर्तुळाकार असा तलाव. मध्यभागी नाकाजिमा हे वनाच्छादित बेट, आणि आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी पलीकडे योतेई पर्वताचा शुभ्र शंकू. दक्षिणेच्या काठावर उसु नावाचा पर्वत आहे, आणि तो खरोखरच जागा आहे. १९१० साली त्याचा स्फोट झाला, त्यानंतर सरोवराच्या काठी ऊन पाणी वर येत असल्याचे लोकांच्या ध्यानी आले. १९१७ साली तेथे पहिले स्नानगृह निघाले. आणि आज जे गाव दिसते ते त्या पाण्याभोवती वसले. म्हणजे तेथे गाव आधी आणि झरा मग, असा क्रम नाही. २००० साली उसु पुन्हा उसळला, तेव्हा शास्त्रज्ञांनी आगाऊ इशारा दिला, अधिकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक माणसे वेळीच हलविली, आणि एकही जीव गेला नाही. नंतर माणसे परत आली आणि त्यांनी पुन्हा आंघोळीचे पाणी सोडले. ज्या पर्वताने घरे मोडली, त्याच्याच उष्णतेवर उपजीविका करणाऱ्या या लोकांचे मला फार अगत्य वाटते.

मी गेलो तो नोव्हेंबरचा शेवट होता. मी उतरलो होतो तशा विश्रामगृहाला तिकडे र्योकान म्हणतात. दाराशी पादत्राणे काढावी लागतात, हे पाहून परकेपण निम्मे तेथेच गळाले. खोलीत तातामीच्या चटया. एक ठेंगणे मेज. भिंतीच्या कोनाड्यात एक चित्रपट्टी आणि एक फुलाची काडी. यजमानीण स्वतः गुडघे टेकून चहा ठेवून गेली. पुढे युकाता हा सुती पोशाख अंगावर चढवून माणसे सबंध इमारतीत हिंडतात, जेवतात आणि स्नानास जातात. रात्रीचे जेवण एकाच ताटात येत नाही. लहान लहान पात्रांतून, त्या हंगामात जे त्या मुलखात पिकते वा पकडले जाते तेवढेच, क्रमाने येते. आणि आपण जेवत असताना कोणी तरी निःशब्दपणे येऊन अंथरूण घालून जाते.

पण या सर्व पाहुणचाराचे मर्म मला स्नानगृहाच्या उंबरठ्यावर कळले. तेथे टाक्यात उतरण्यापूर्वी बाहेरच, लहानशा लाकडी स्टुलावर बसून, सबंध अंग साबणाने चोळून स्वच्छ धुवावे लागते. साबणाचा एक थेंबही अंगावर राहता कामा नये. हातातले छोटे पंचेवजा फडके पाण्यात बुडवायचे नाही, ते डोक्यावर घडी करून ठेवायचे. टाके हे मळ काढण्यासाठी नाहीच. मळ बाहेर ठेवून आत जायचे असते. मग त्या ऊन पाण्यात गळ्यापर्यंत बसून काचेपलीकडे अंधारात मावळत चाललेल्या सरोवराकडे पाहत राहायचे, आणि शेजारचा माणूस कोण, कोणत्या हुद्द्याचा, हे विचारायचे नाही. बाहेर उघड्यावरचे एक कुंड होते. तेथे बसलो असता हिमाचे पहिले विरळ कण खाली येऊ लागले आणि पाण्यावरच्या वाफेत पोहोचण्यापूर्वीच विरून गेले. त्या क्षणी मला आमच्या धर्मशास्त्रातील एका शब्दाची आठवण झाली. तीर्थात बुडी मारण्याआधी अंगाचा मळ धुऊन टाकण्यासाठी जे स्नान करावयाचे, त्याला आपल्याकडे मलापकर्षण स्नान म्हणतात. तीर्थ हे शुद्ध होण्यासाठी असले, तरी आपण अशुद्ध होऊन त्यात उतरावे असा त्याचा अर्थ आपल्या पूर्वजांनी कधीच केला नव्हता.

जपानने या शिष्टाचाराभोवती मोठा कायदेशीर बंदोबस्तही उभा केला आहे. १९४८ च्या कायद्याप्रमाणे उगमापाशी पाण्याचे तापमान २५ अंश वा अधिक असावे, अथवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादे विवक्षित प्रमाणात असावे, तरच त्याला ओन्सेन, म्हणजे ऊन पाण्याचा झरा, म्हणता येते. नवी विहीर खणावयाची तर प्रांताधिपतीचा परवाना घ्यावा लागतो. पाण्यात काय काय आहे आणि कोणत्या रोग्याने त्यात उतरू नये, याचा फलक स्नानगृहात लावणे सक्तीचे आहे. पाहुण्याकडून दर दिवसाला बहुधा दीडशे येनांचा स्नानकर घेतला जातो, आणि उगमांचे रक्षण, अग्निशमन अशा कामांकडे तो खर्ची पडतो. यामानाशी परगण्यातील निशियामा येथील केइउन्कान हे विश्रामगृह इसवी सन ७०५ पासून चालत आलेले म्हणून प्रसिद्ध आहे. तेराशेहून अधिक वर्षे लोक एकाच ऊन पाण्याच्या काठी पाहुण्याची शेज घालीत आले, याचे कारण मला त्या लाकडी स्टुलात दिसते.

उन्हेऱ्यास मी गेल्या माघात पुन्हा गेलो. अंबा नदीच्या खोऱ्यातली ती सकाळ धुक्याने भरलेली होती, सरसगडाचा माथा तेवढा वर दिसत होता. कुंडांभोवती बांधीव भिंती आहेत, जवळच विठ्ठल-रखुमाईचे देऊळ आहे; बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन आलेली कुटुंबे पिशव्या, टॉवेल, पोरेबाळे घेऊन एकदमच येतात आणि एकदमच पाण्यात शिरतात. सरोवर नाही, तातामी नाही, गुडघे टेकून चहा देणारे कोणी नाही; बाहेर एका टपरीवर पोहे आणि चहा मिळतो, आणि तो थंडीत फार गोड लागतो. मी सदरा काढून पायऱ्या उतरू लागलो, तोच काठावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ, बहुधा त्याच पंचक्रोशीतले, मला थांबवीत म्हणाले, ‘‘दादा, आधी दोन तांबे बाहेर घ्या अंगावर. मग उतरा.’’ त्यांच्याजवळ पितळेचा तांब्या होता आणि शेजारी नळाच्या थंड पाण्याची बादली. मी मुकाट्याने तांब्या घेतला. अंगावर काटा आला. त्यांनी मान डोलावली.

नंतर पाण्यात त्यांच्याजवळच बसलो. ‘‘माझा बाप असंच करायला लावायचा,’’ ते सांगत होते, ‘‘म्हणायचा, देवाचं पाणी आहे, आपला घाम त्याला कशाला?’’ त्यांच्या गुडघ्यांना आराम पडतो म्हणून ते दर आठवड्यास येतात. पाण्याने संधिवात बरा होतो की नाही, हे वैद्यांनी सांगावे. उष्णतेने स्नायू सैल होतात आणि आखडलेला सांधा थोडा वेळ मोकळा होतो, एवढे तर त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होते. हृदयविकार असलेल्याने, गरोदर स्त्रीने वा रक्तदाबाच्या रोग्याने चाळीस अंशांच्या पाण्यात फार वेळ बसू नये, आणि कोणीही पंधरा-वीस मिनिटांनंतर बाहेर पडून पाणी प्यावे, हे मात्र मी येथे आवर्जून लिहून ठेवतो. उन्हेऱ्याला राहण्याची सोय थोडीच. मुक्काम करावयाचा तर पालीस करावा आणि पहाटे कुंडावर यावे, कारण पहाटे गर्दी नसते, पाणी निवळ असते, आणि वाफ उभी राहते ती तेव्हाच.

परतताना अंबेची सोबत अधूनमधून होत राहिली. ही नदी पालीच्या खोऱ्यातून नागोठण्याकडे उतरते, धरमतरच्या खाडीत शिरते आणि रेवसपाशी समुद्राला मिळते. रेवस म्हणजे मांडव्याच्या शेजारचेच बंदर. तिन्हीसांजेस मी मांडव्याच्या धक्क्यावर पोहोचलो, तेव्हा भरती लागली होती आणि शेवटची नौका मुंबईकडे निघाली होती. उन्हेऱ्याच्या कुंडातले सांडपाणी ज्या खोऱ्यात उतरते, त्याच खोऱ्याचे पाणी याच मुखाने बाहेर पडते. मी पायऱ्यांवर बसून पाण्यात हात घातला. ते गार होते, खारट होते, आणि माझ्या अंगाला अजून कुंडाचा वास येत होता.