पालावरच्या मुलाचा पहिला कागद

वेळापूर म्हटले की अर्धनारीनटेश्वराचे देऊळ आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम आठवतो. याच माळशिरस तालुक्यात उसाच्या फडांजवळच्या माळावर पारधी कुटुंबांची पालेही पडतात. तिथल्या मुलांसाठी आमची लहानशी संस्था काम करते. ‘बालसंरक्षण’ हा शब्द काढला की पालावरची आई आधी मुलाला पोटाशी धरते. तिच्या भीतीमागे इतिहास आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मणाऱ्या मुलाच्या कपाळीही गुन्हेगाराचा शिक्का आला. १८९७च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी ठेवण्याची सोय सरकारने करून घेतली. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची हजेरी घेत. ‘सेटलमेंट’ हे नाव त्या शहरात आजही आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, संशय मात्र गेला नाही.

म्हणून मूल उचलून आणणे हे आमचे काम नव्हे. आम्ही जन्माच्या दाखल्यापासून सुरुवात करतो. मुलीचे लग्न अठराच्या आत ठरले, तर तिचे वय याच कागदाने सिद्ध होते. मुलगा पोलिसांच्या हाती लागला, तर बाल न्याय कायद्यानुसार वय ठरवताना आधी शाळेचा, मग जन्माचा दाखला पाहतात. दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणीच्या अंदाजावर त्याचे नशीब ठरते.

बाळंतपण पालावर झाले तर एकवीस दिवसांत नोंद करायची, हे सांगणारे कुणी नसते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बापाच्या प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते. त्या फेऱ्या आम्ही त्याच्याबरोबर मारतो. दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलमही मुख्याध्यापकांना दाखवतो.

कुटुंब सतत फिरते असेल तर वसतिगृहाचा विचार करावा लागतो. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने १९९३ पासून भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा उभी राहिली. आईबापांनी विश्वासाने मूल शाळेत सोडणे आणि सरकारने ते हिसकावणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मूल खरोखर धोक्यात असेल तर १०९८ला फोन करावा. त्याला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. पण संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे कायदाच सांगतो. निव्वळ गरिबी हा काही आईबापांचा गुन्हा नव्हे. एक पालक गमावलेल्या मुलाला घरीच ठेवून बालसंगोपन योजनेची मदत मिळवून देता येते.

तुमच्या गावाबाहेर पाल पडले तर चौकीला कळवण्याची घाई करू नका. तिथे तान्हे बाळ असेल, तर त्याची ग्रामपंचायतीत नोंद झाली का, एवढे विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)