विटेनबर्गच्या नगरचर्चमधली चित्रे

प्रोटेस्टंट चर्च म्हटले की कोऱ्या भिंतीच डोळ्यांसमोर येतात. जर्मनीतल्या विटेनबर्गचे सेंट मेरी चर्च हा समज खोटा पाडते. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे १५१७ चे ९५ प्रबंध किल्ल्यातल्या चर्चच्या दाराशी जोडले गेले, म्हणून प्रसिद्धी त्या चर्चला. पण ल्यूथर वर्षानुवर्षे प्रवचने देत आला तो बाजारचौकाजवळच्या या नगरचर्चमध्ये. जुळ्या मनोऱ्यांची ही गॉथिक इमारत त्याच्या जन्माआधीची. धर्मसुधारणेने ती पाडली नाही. तिथे जमणाऱ्यांनी काय पाहावे आणि ऐकावे, ते बदलले. ल्यूथरपंथी वास्तुकलेचे मर्म मला यातच दिसते.

यावर कोणी म्हणेल, १५२२ च्या सुरुवातीला याच गावात मूर्ती आणि चित्रे हटवली गेली होती. खरे आहे. ल्यूथर वार्टबर्ग किल्ल्यात लपलेला असताना त्याचा सहकारी कार्लश्टाट याने ती मोहीम उचलून धरली. पण ल्यूथर परतला आणि ९ मार्चपासून सलग आठ दिवस याच चर्चमध्ये बोलला. चित्रांची पूजा चूकच, पण ती बळाने काढून मने बदलत नाहीत, अशी त्याची भूमिका होती. तिचे फळ वेदीवर दिसते. चित्रकार क्रानाखच्या चित्रशाळेतले हे वेदीचित्र १५४७ चे. मधल्या फलकावर गोल मेजाभोवती ख्रिस्ताचे शेवटचे भोजन रंगले आहे आणि शिष्यांच्या पंगतीत दाढीवाला ल्यूथर प्याला हाती घेतो आहे. डावीकडे ल्यूथरचा सहकारी मेलांख्टॉन बाळाला बाप्तिस्मा देतो. तो पाळक नव्हता, हे विशेष. उजवीकडे या चर्चचा पाळक बुगेनहागेन किल्ल्या धरून आहे. खालच्या पट्टीत व्यासपीठावरचा ल्यूथर, समोर गावकरी, आणि मधोमध क्रूसावरचा ख्रिस्त. ल्यूथरचा हात त्याच्याकडेच. प्रवचन कशासाठी, ते निरक्षरालाही कळावे.

जुने राखले ते केवळ सोयीसाठी, असा आक्षेप टिकत नाही. टोरगाऊच्या वाड्यात मुद्दाम प्रोटेस्टंट उपासनेसाठी बांधलेल्या आणि १५४४ मध्ये ल्यूथरने उद्घाटन केलेल्या प्रार्थनाघरात व्यासपीठावरच बायबलमधले प्रसंग कोरले आहेत. अवघड प्रश्न वेगळाच आहे. सेंट मेरीच्या बाहेरच्या भिंतीवर ज्यूंची विटंबना करणारे मध्ययुगीन शिल्प आजही आहे, आणि ल्यूथरने स्वतः १५४३ मध्ये त्याचा आधार घेऊन ज्यूद्वेषी मजकूर लिहिला. १९८८ पासून त्याखाली जमिनीवर स्मृतिफलक आहे. ते शिल्प काढण्याची मागणी २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेटाळली. चित्रे राखावीत हे ल्यूथरचे तत्त्व इथे ढाल म्हणून वापरता येणार नाही. ते उपासनेला मदत करणाऱ्या चित्रांसाठी होते, माणसांना अपमानित करणाऱ्यांसाठी नव्हे.