प्रवाळ टाकीतील पाण्याचे संतुलन

दगडी प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट शोषून सांगाडा घडवतात. समुद्रात हा साठा अफाट असतो. घरच्या टाकीत तो रोज घटतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम, १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि सुमारे ७ जर्मन अंश अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, असते.

सर्वाधिक लक्ष अल्कलिनिटीकडेच हवे. सांगाड्यासाठी लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्च झाले की ती २.८ अंशांनी उतरते. कॅल्शियम जेमतेम ५ टक्के घटते, तेव्हा अल्कलिनिटी ४० टक्के घसरलेली असते! म्हणूनच फक्त कॅल्शियम मोजून समाधान मानणे घातक ठरते. मॅग्नेशियम कमी पडले, तर टाकलेली द्रव्ये प्रवाळापर्यंत न पोहोचता पंपावर चुन्याचा थर धरतात.

चुन्याची निवळी हा जुना, भरवशाचा उपाय. तिच्यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी योग्य प्रमाणात एकत्रच मिळतात. ती तीव्र अल्कधर्मी असल्याने थेंबाथेंबाने, बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी सोडावी. क्षार मागेच राहतात, त्यामुळे भरणा गोड्या, शुद्ध पाण्याचाच हवा. एकदम मोठी दुरुस्ती मात्र प्रवाळांना सोसत नाही. अल्कलिनिटी दिवसाला एखाद्या अंशापेक्षा जास्त वाढवू नये.