गोव्याच्या पांढऱ्या चर्चमध्ये भेटलं आपलं नगर

गोव्याची ट्रिप ठरली की ग्रुपवर लिस्ट पडते. बागा, कळंगुट, आग्वादचा किल्ला, परतताना मंगेशी. श्रीगोंद्याहून निघालेल्या आमच्या ग्रुपची लिस्टही अगदी हीच होती. आग्वादकडे जाताना मांडवीच्या काठी वेरें गाव लागतं. तिथे टेकडीवर जांभ्या दगडाचा लालसर किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी पांढरंशुभ्र चर्च दिसलं. फोटोपुरतं थांबू, असं ठरवून उतरलो आणि पुढे दीड तास तिथून हललोच नाही.

कारण त्या चर्चमध्ये एका माणसाच्या नावाचा समाधीचा दगड आहे. त्या माणसाचं भांडण थेट आपल्या नगरशी होतं!

नगरचा समुद्र

त्याचं नाव दों लुईश द आताईद. पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानातल्या मुलखावर नेमलेला व्हाइसरॉय. तो 1568 मध्ये गोव्यात आला. त्यानंतर दोनच वर्षांत त्याच्यावर चहूबाजूंनी संकट आलं. विजापूरचा अली आदिलशाह गोव्यावर चालून आला, कालिकतच्या सामुद्रीने केरळात आघाडी उघडली आणि अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाने चौलला वेढा घातला. नगरचा फराहबाग तुम्ही पाहिला असेल. तो ज्याच्या कारकिर्दीत पूर्ण झाला, तोच हा मुर्तझा.

आता तुम्ही विचाराल, नगरच्या सुलतानाचं कोकणात काय काम? चौल हे निजामशाहीचं बंदर होतं. अरबस्तानातून येणारे घोडे आणि समुद्रापलीकडे जाणारं कापड यांची ये-जा तिथून चालायची. म्हणजे आज टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या राज्याला एकेकाळी स्वतःचा समुद्रकिनारा होता. त्याच चौलला लागून पोर्तुगीजांनी आपलं ठाणं वसवलं होतं. आज आपण त्या जागेला रेवदंडा म्हणतो.

गोव्यातल्या सल्लागारांचं म्हणणं होतं, चौल सोडून द्या आणि आधी राजधानी वाचवा. आताईदने ऐकलं नाही. स्वतः वेढ्यात असताना त्याने चौलला जहाजं आणि माणसं पाठवली. दोन्ही ठिकाणं टिकली आणि 1571 मध्ये निजामशाहाने तह केला. पुढे आताईद दुसऱ्यांदा व्हाइसरॉय होऊन आला आणि 1581 मध्ये गोव्यातच वारला. त्याला या गावच्या चर्चमध्ये पुरलं.

शाळेच्या पुस्तकात निजामशाही दोन-तीन ओळींत संपते. तिच्या एका लढाईची खूण अशी परक्या गावात, परक्या लिपीत भेटेल असं वाटलं नव्हतं.

चर्च वाचायचं कसं?

चर्चचं नाव रेईश मागूश. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ 'ज्ञानी राजे'. येशूच्या जन्मानंतर ताऱ्याच्या मागोमाग आलेले, सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आलेले ते तिघे. 1555 मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्रींनी हे चर्च उभारलं. बारदेश तालुक्यातलं हे पहिलं चर्च मानतात.

अशी इमारत समोर आली की आपण सेल्फी काढतो आणि निघतो. पण थोडं थांबून चार गोष्टी बघितल्या, तर ती स्वतःच बोलायला लागते.

पहिली गोष्ट जागा. समोर नदी, पाठीशी टेकडी, टेकडीवर किल्ला. किल्ल्याच्या जागी आधी आदिलशाहाची चौकी होती, पोर्तुगीजांनी तिथे 1551 मध्ये किल्ला बांधायला घेतला. लगेच चार वर्षांनी खाली चर्च आलं. वर तोफ आणि खाली घंटा, असा त्या काळच्या सत्तेचा कारभार होता. समुद्रातून मांडवीत शिरणाऱ्या जहाजाला दोन्ही एकदम दिसायचं.

दुसरी गोष्ट दर्शनी भिंत. तिच्या वरच्या भागात पोर्तुगालच्या राजाचं मुकुटासह राजचिन्ह आहे. देवाच्या घरावर राजाचा शिक्का कशासाठी? पोपने पोर्तुगालच्या राजाला अधिकार दिला होता, की नव्या मुलखात चर्च बांधा, बिशप सुचवा आणि त्याचा खर्च उचला. या व्यवस्थेला 'पाद्रोआदो' म्हणत.

तिसरी गोष्ट रंग. आपल्याकडची जुनी देवळं काळ्या दगडाची. पेडगावच्या बहादूरगडातलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर आठवा. शेकडो पावसाळे गेले, तरी त्या दगडावरची नक्षी अजून ओळखू येते. गोव्यात मिळतो जांभा, तिकडच्या भाषेत चिरा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर कडक होतो. पण तो सच्छिद्र. त्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही आणि कोकणातला पाऊस त्यात मुरतो. म्हणून वरून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. चुना शिंपल्या भाजून करायचे. पावसाळ्यात भिंत काळवंडली की नंतर पुन्हा हात मारायचा. आपण ज्याला 'गोव्याचा पांढरा व्हाइब' म्हणतो, ती मुळात पावसाशी केलेली तडजोड आहे. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवायचे. ऊन गाळून आत यायचं.

चौथी गोष्ट आतला भाग. गोव्यातली गावची चर्च बहुतेक एका लांबट दालनाची असतात, मध्ये खांबांची गर्दी नाही. दारातून आत पाऊल टाकलं की नजर सरळ वेदीकडे जाते. इथे वेदीमागे रंगवलेली, कोरलेली मोठी लाकडी चौकट आहे. त्यात तिन्ही राजे बाळ येशूला भेटी देताना दाखवले आहेत. नमुना युरोपातून आला असेल, पण अशी कामं करणारे हात बहुधा इथल्याच सुतारांचे असायचे. म्हणून गोव्याच्या वेद्यांवरची पानं-फुलं, वेली आपल्याला ओळखीच्या वाटतात.

पायऱ्यांवरचा प्रश्न

चर्चकडे चढणाऱ्या पायऱ्यांपाशी सिंहांची शिल्पं आहेत. त्यांची घडण विजयनगरच्या शैलीची आणि इथे आधी असलेल्या देवळातली मानली जाते. हे कळल्यावर ग्रुपमधला एक जण म्हणाला, "देऊळ पाडून बांधलंय ना? मग बघायचं कशाला? चला."

खरं सांगते, माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. कारण तो जे म्हणत होता तो इतिहास खरा आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत देवळं पाडली गेली. त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं. गावकऱ्यांच्या ज्या संस्था पूर्वी देवळं सांभाळायच्या, त्यांनाच चर्चचा खर्च उचलावा लागला. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय आलं. लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे आदिलशाही मुलखात नेले. आपण ट्रिपमध्ये ज्या मंगेशीला जातो, तो देव मूळचा कुठ्ठाळीचा. फोंड्याजवळची त्याची आजची जागा या स्थलांतरातून आली.

हे लपवून चर्चचं कौतुक करणं खोटं ठरेल. पण पाठ फिरवून निघून जाणंही मला जमलं नाही. पाडणारे आणि हुकूम काढणारे केव्हाच गेले. मागे राहिलं ते गाव. त्या गावाची बारशी, लग्नं आणि मयतं याच चर्चमध्ये होत आली. प्रार्थना कोकणीत होते. दरवर्षी 6 जानेवारीला फेस्त असतं. गावातली तीन मुलं राजांचा पोशाख करून मिरवणुकीने चर्चला येतात आणि आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला जमतात. आपल्या जत्रेत पालखीला खांदा द्यायला मिळाला की जो भाव पोरांच्या चेहऱ्यावर असतो, तो डोळ्यांसमोर आणा.

आणि देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असंही नाही. दुसऱ्या दिवशी मंगेशीला गेलो तेव्हा मी मुद्दाम बघितलं. घुमट, कमानीच्या खिडक्या, चुन्याने उजळलेला मजल्यामजल्यांचा दीपस्तंभ. ही वळणं चर्चच्या बांधकामाशी नातं सांगतात. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ 1738 मध्ये शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलं, तिथेही हेच दिसतं. ज्या चर्चमुळे देवाला गाव सोडावं लागलं, त्याच चर्चची वळणं देवाच्या नव्या घरात आली. हे मला कुठल्याच पुस्तकाने इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर

श्रीगोंद्याच्या आपल्यासारख्यांना असा गुंता नवा नसावा. आपल्या गावाचं दैवत म्हणजे शेख महंमद महाराज. मुसलमान घरात जन्मलेले, विठ्ठलाची भक्ती करणारे संत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना गुरू मानत, आणि ते मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. म्हणजे रेईश मागूशच्या त्या समाधीच्या दगडापासून धागा पकडला, तर तो फिरून आपल्याच गावात येतो.

ट्रिपहून आल्यावर मी पेडगावला गेले. लहानपणापासून किती वेळा गेलेय, पण या वेळी पहिल्यांदा बघितलं की कुठला दगड झिजलाय आणि कुठला नंतर बसवलाय. तो मित्रही सोबत होता. त्याचं मत अजून बदललेलं नाही. पण या वेळी 'चला' म्हणाला नाही, माझ्यासोबत दगड बघत फिरला.

जाताय? मग एवढं करा

• पणजीहून मांडवी ओलांडून बेतीमार्गे वेरें गाठायचं. पणजीच्या काठावरूनही पलीकडचा किल्ला आणि चर्च दिसतं.

• चर्च वापरातलं आहे. मिस्सा चालू असेल तर बाहेर थांबा. बीचवरच्या कपड्यांत आत जाऊ नका. फोटोआधी विचारा.

• वरचा किल्ला कधीकाळी तुरुंग होता. दुरुस्तीनंतर 2012 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं तिथे बघायला मिळतात.

• पायऱ्यांपाशी सिंह शोधा. मग वर बघून राजाचा मुकुट शोधा. दोन्ही सापडल्याशिवाय रील टाकायचं नाही!