आद्यनमुन्याची पारख : जुन्या मोटारगाड्यांच्या अस्सलपणाचा प्रश्न

पोथ्या, सनदा व बखरी यांच्या अस्सलपणाची चर्चा या पृष्ठांतून वारंवार होत आली आहे. त्याच चर्चेंत आज मोटारगाडी आणून उभी केल्याबद्दल कांहीं वाचक कपाळास आंठ्या घालतील. परंतु युरोप-अमेरिकेंत जुन्या मोटारींचा संग्रह करणारांपुढें जो प्रश्न पडतो तो हस्तलिखितांच्या संग्राहकापुढील प्रश्नाहून जातीनें निराळा नाहीं. उलट, तेथें एकेका गाडीचा व्यवहार लक्षावधि पौंडांचा असल्यानें व तो प्रसंगीं न्यायालयापर्यंत गेल्यानें प्रमाणांची छाननी आपल्यापेक्षां अधिक कसून झाली आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम संज्ञेविषयीं. एखादी नवी मोटार विक्रीस काढण्यापूर्वीं कारखाना तिचा जो नमुना बहुतांशीं हातानें घडवितो आणि परीक्षेसाठीं वापरतो, त्यास आम्ही 'आद्यनमुना' म्हणतों. आपल्या दप्तरखान्यांतील मसुदा आणि त्यावरून निघालेलीं अस्सल पत्रें यांचें जें नातें, तेंच आद्यनमुना व विक्रीच्या गाड्या यांचें समजावें. मात्र मसुद्यांतही पायऱ्या असतात. इंग्लंडांतील लँड रोव्हर गाडीचेंच पाहा. १९४७ सालीं रोव्हर कंपनीनें अमेरिकन जीपच्या सांगाड्यावर, मध्यभागीं सुकाणूचक्र असलेला पहिला प्रयोग केला. ती गाडी आज उरलेली नाहीं, तिच्या मागाहून केलेल्या प्रतिकृतीच काय त्या आहेत. त्यानंतर १९४८ त विक्रीपूर्व अशा ४८ गाड्या झाल्या. त्यांतील पहिली 'एचयूई १६६' या नोंदणीक्रमांकानें प्रसिद्ध आहे. यापुढें विक्रीच्या मालिकेचा आरंभ ८६०००१ या सांगाडाक्रमांकानें झाला व ती गाडी, 'जेयूई ४७७', हीही विद्यमान आहे. या तिन्ही पायऱ्यांस सरसकट 'पहिली लँड रोव्हर' म्हणणारे लोक आहेत, आणि अर्ध्या वादांचें मूळ या ढिलाईंतच आहे.

आतां मुख्य अडचण. विक्रीच्या गाडीची परीक्षा तुलनेनें सोपी असते, कारण तिच्यासारख्या हजारों गाड्यांशीं ती ताडून पाहतां येते. आद्यनमुना एकच, किंवा फार तर थोडके. त्याचे भाग वरचेवर बदलले जातात, कारण बदलून पाहण्यासाठींच तो जन्मास आलेला असतो. आणि काम संपल्यावर तो मोडून टाकण्याचा कारखान्यांचा शिरस्ता. यामुळें बनावट करणाऱ्यास एक फार सोयीची सबब मिळते. गाडींत कांहीं विचित्र दिसलें कीं तो म्हणतो, 'हा आद्यनमुना आहे, म्हणून तर असें!' म्हणजे जो दोष एरव्हीं संशयास कारण व्हावयाचा, तोच येथें प्रमाण म्हणून पुढें केला जातो. हा हेत्वाभास ओळखल्यावांचून या प्रांतांत पाऊल टाकूं नये. विक्षिप्त भाग दुरुस्तींतून आलेला असूं शकतो, जुन्या मालकाच्या हौसेतून आलेला असूं शकतो, अथवा दुसऱ्याच गाडींतून काढून बसविलेला असूं शकतो. पोथींतील पाठ इतर प्रतींहून निराळा दिसला म्हणजे तो प्राचीनच असें कोणी संपादक मानीत नाहीं. आधीं तो लेखकप्रमाद नव्हे हें दाखवावें लागतें.

प्रमाणांपैकीं पहिलें म्हणजे अंक. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीची रीत येथें उदाहरणास घेऊं, कारण ती सुबोध आहे. १९६७ च्या मस्टँग गाडीच्या क्रमांकांत पहिला अंक ७ हा सालाचा, त्यापुढील अक्षर जुळणीच्या कारखान्याचें, मग दोन अंक घडणीचे (०१ म्हणजे साधें ताठ छप्पर, ०२ म्हणजे मागें उतरतें छप्पर, ०३ म्हणजे उघडझांप छप्पर), मग इंजिनाचें अक्षर, आणि शेवटीं अनुक्रम. सुट्या भागांवरही अशीच चिन्हें असतात. 'सी ७ झेड ई' या आरंभांतील 'सी' म्हणजे १९६० चें दशक, ७ म्हणजे त्यांतील सातवें साल, 'झेड' म्हणजे मस्टँग, 'ई' म्हणजे इंजिनविभाग. प्रयोगासाठीं केलेल्या भागांवर पुष्कळदां 'एक्स ई' हें अक्षरयुग्म आढळतें. परंतु हें साल भागाच्या रचनेचें होय, ओतकामाचें नव्हे! ओतल्याचा दिवस वेगळा दिलेला असतो : '७ बी १४' म्हणजे १९६७ च्या फेब्रुवारीची १४ तारीख. ग्रंथरचनेचा शक आणि प्रत उतरल्याचा शक यांत जें अंतर, तेंच हें. मूळ पोथीची पुष्पिका शकासकट उतरून काढणारा प्रतिकार आपल्यापैकीं अनेकांस चकवून गेला आहे; तसाच रचनेचा अंक पाहून भाग त्याच वर्षींचा मानणारा मोटारसंग्राहक चकतो.

या तारखांचा खरा उपयोग मेळ घालण्यांत आहे. गाडी जुळली त्या दिवसानंतर ओतलेला भाग तींत मुळापासून असणें शक्य नाहीं. सनदेंतील सुहूर सन, महिना, चंद्र व वार यांचा जंत्रीवरून मेळ बसतो कीं नाहीं हें पाहण्याची आपली चाल आहे. ही तपासणी त्याच जातीची. मेळ बसला म्हणजे अस्सलपणा सिद्ध झाला असें नव्हे, कारण कुशल बनावटकार जंत्री पाहूनच लिहितो. पण मेळ बसला नाहीं तर पुढें बोलावयास जागा उरत नाहीं.

अंकांवरून चाललेला शोध कसा फसतो व कसा साधतो याचें एक उत्तम उदाहरण घडलेलें आहे. १९६७ त शेल्बी अमेरिकन या संस्थेनें 'जीटी ५००' या गाडीचा एक प्रायोगिक नमुना केला. त्यास 'लिटल रेड' म्हणजे 'छोटी लाल' असें नांव पडलें. त्या वर्षींच्या विक्रीच्या जीटी ५०० गाड्या उतरत्या छपराच्या, ही मात्र ताठ छपराची. १९६८ च्या मस्टँगच्या 'कॅलिफोर्निया स्पेशल' या प्रकारास हिच्यावरूनच स्फूर्ति मिळाली. हिची भगिनी 'ग्रीन हॉर्नेट' १९६८ ची. ती मोडींत जाण्यापासून वांचली. लिटल रेड मात्र चिरडली गेली, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. अनेकांनीं शोध केला तो शेल्बी संस्थेनें दिलेल्या क्रमांकावरून, आणि हातीं कांहींच लागलें नाहीं. पुढें लिलावव्यवसायांतील क्रेग जॅक्सन यांच्या मंडळीनें फोर्डचा मूळ क्रमांक धरून सरकारी नोंदी पाहिल्या, तेव्हां शेवटच्या नोंदलेल्या मालकाचा पत्ता लागला आणि २०१८ च्या मार्चमध्यें टेक्सास संस्थानाच्या उत्तर भागांत ती गाडी सांपडली. पन्नास वर्षें ती नष्ट म्हणून गणली गेली होती, ती केवळ चुकीच्या यादींत तिचें नांव शोधल्यामुळें. आपल्याकडेही एकच पोथी जुन्या संग्रहाच्या क्रमांकानें एका सूचींत व नव्या क्रमांकानें दुसऱ्या सूचींत असते, आणि पहिली सूची पाहणारा 'अनुपलब्ध' असा शेरा मारून मोकळा होतो. सूचिकारांनीं जुने सर्व क्रमांक नोंदवावेत असा आग्रह आम्ही धरतों तो याचसाठीं.

येथें प्रतिपक्षाचेंही ऐकलें पाहिजे. ताठ छपराची मस्टँग ही दुर्मिळ वस्तु नव्हे. अशी कोणतीही गाडी घेऊन तीवर शेल्बीचे भाग बसविणें अवघड नाहीं. म्हणून क्रमांकांतील ०१ हा अंक आवश्यक, पण पुरेसा नव्हे. निर्णय होतो तो त्या विशिष्ट अनुक्रमामुळें, आणि तो अनुक्रम गाडीच्या बाहेरच्या, मालकाच्या हातीं नसलेल्या दप्तरांत असल्यामुळें. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादननोंदी आज उपलब्ध आहेत, व ब्रिटिश गाड्यांसाठीं गेडन येथील संग्रहालयांत अनेक कारखान्यांच्या वह्या जपल्या आहेत. मालकाच्या घरांतून निघालेला कागद आणि त्रयस्थाच्या दप्तरांत निघालेला कागद यांचें वजन सारखें नाहीं, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. इंग्लंडांतील नोंदणीच्या पाटीवर तर फारच थोडा भरंवसा ठेवावा. वर दिलेल्या दोन्ही पाट्यांतील 'यूई' हीं अक्षरें वॉरिकशायर परगण्याचीं, आणि कारखान्याचें सॉलिहल गांव त्याच परगण्यांत होतें, एवढें जुळतें. पण तेथें पाटी एका गाडीवरून दुसरीवर कायदेशीरपणें नेतां येते.

खुद्द धातूही बोलतो. पोलादावर अंक ठोकला असतां त्याखालील कण दबतात. वरचा अंक घांसून काढून नवा ठोकला तरी योग्य आम्ल लावल्यास खालचा अंक पुष्कळदां पुन्हां दिसूं लागतो. खरवडलेल्या चर्मपत्रावरील जुनें लेखन वाचण्यासारखाच हा प्रकार. रंगाचे थर, सांध्यांची घडण, खिळ्यांमधील अंतरें हींही पाहावींत. हातानें कापलेल्या पत्र्याची कड कधींही तंतोतंत सरळ नसते. जुन्या छायाचित्रांत तीच वांकडी कड दिसली तर तिचें मोल अक्षरवळणाच्या साम्याएवढें आहे. आमच्या मतें आद्यनमुन्याच्या बाबतींत सर्वांत बलवत्तर प्रमाण हेंच, कारण जी चूक कारागिराच्या हातून नकळत घडली ती नक्कल करणाऱ्याच्या ध्यानांतच येत नाहीं.

भाग बदलत गेले तर गाडी तीच राहते काय? हा प्रश्न आद्यनमुन्याविषयीं नव्हे, पण त्यास लागू पडेल अशा रीतीनें १९९० सालीं इंग्लंडच्या उच्च न्यायालयांत निघाला. 'ओल्ड नंबर वन' ही बेंटली गाडी वुल्फ बार्नाटो यांनीं १९२९ त टिम बर्किन यांच्यासह व १९३० त ग्लेन किड्स्टन यांच्यासह ल मां येथील शर्यतींत पहिली आणली. पुढें तिला मोठें इंजिन बसविलें. १९३२ त ब्रुकलँड्स येथें तिला अपघात होऊन क्लाइव्ह डन्फी मृत्यु पावला. मग तिची पुन्हां बांधणी झाली. एक कोटि पौंडांचा सौदा ठरल्यावर खरेदीदारानें 'ही ती गाडी नव्हे' म्हणून माघार घेतली. १९३० च्या विजयी गाडीचे थोडेच भाग तींत उरले होते, हें न्यायमूर्ति ओटन यांनीं मान्य केलें. तरीही बदल हळूहळू व अखंड होत गेले, त्यांत तिची ओळख कधींच तुटली नाहीं, आणि त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं, म्हणून तीच ओल्ड नंबर वन होय असा निर्णय त्यांनीं दिला. तिला 'मूळ स्थितींतील' म्हणतां येणार नाहीं, 'अस्सल' म्हणतां येईल, हा त्यांनीं केलेला भेद आम्हांस मार्मिक वाटतो. मात्र या निर्णयाचा आधार अखंडता हा आहे. जेथें मधलीं तीस वर्षें कोरीं आहेत तेथें हा निर्णय दाखवून कोणी किंमत वाढवूं लागल्यास त्यास वाटेस लावावें.

१९४८ च्या ॲम्स्टरडॅम प्रदर्शनांत मांडलेली विक्रीपूर्व लँड रोव्हर हें कोऱ्या वर्षांचें उदाहरण होय. १९६० च्या दशकानंतर ती रस्त्यावर आली नाहीं. वीस वर्षें वेल्समधील एका शेतांत पडून राहिली, आणि अखेर सॉलिहलपासून कांहीं मैलांवरच एका बागेंत सांपडली. जाड पत्रा, जस्ताचा मुलामा दिलेला सांगाडा व सुटा होणारा मागील हौदा हीं विक्रीपूर्व गाड्यांचीं लक्षणें तींत होतीं. तेवढ्यावर न विसंबतां कंपनीच्या तज्ज्ञांनीं कित्येक महिने दप्तर चाळून मालकांची परंपरा जुळविली, आणि मगच, २०१८ च्या जानेवारींत, तिच्या जीर्णोद्धाराची घोषणा केली. ती करतांना जुन्या भागांवर काळानें चढलेली कळा पुसली जाणार नाहीं, असेंही त्यांनीं सांगितलें. घांसून लखलखीत केलेल्या पत्र्यावर हातोडीच्या खुणा उरत नाहींत. नव्या बांधणीसाठीं समास कापलेल्या पोथींत समासांतील टिपणें उरत नाहींत, तसेंच.